देवीचं लुगडं आणि तापलेली जीप

प्रिय ईरा आणि अर्णव,

हे पत्र लांबलचक होणार आहे. मराठी वाचताना अडलात तर आईला मोठ्यानं वाचायला सांगा, तिलाही ते कळलेलं बरं. मागच्या रविवारी फोनवर ईरानं मला विचारलं, "आजी, तू खरंच देवाला मानतेस का?" मी म्हणाले, दूध उतू जातंय, मग बोलू. दूध वगैरे काही ठेवलेलं नव्हतं. उत्तर तयार नसलं की मी स्वयंपाकघरात जाते, ही माझी फार जुनी सवय आहे. त्याच फोनवर अर्णवनं त्याची नवी घेतलेली जुनी जीप दाखवली आणि हसत म्हणाला की आमच्याकडे एवढं बर्फ पडतं की हिचं इंजिन तापायचा प्रश्नच नाही. तुम्हां दोघांच्या बोलण्याचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण मला रात्रभर आक्काच आठवत राहिल्या. गेल्या श्रावणात त्या गेल्या. आता घरात ही हकीकत सांगायला मी आणि आजोबा असे दोघेच उरलो, आणि आजोबा सांगायला लागले की सगळी गोष्ट त्यांच्या गाडीचीच होते. म्हणून मी लिहायला बसले.

आक्का म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. लहान वयात नवरा गेला तशा त्या चऱ्होलीला माहेरी परत आल्या आणि मग हे घर त्यांचंच झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा पुण्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी मुलगी होते. आक्कांनी पहिल्याच दिवशी मला "मास्तरीण" म्हटलं आणि शेवटपर्यंत त्याच नावानं हाक मारली. रागावल्या तरी मास्तरीण, लाडात आल्या तरी मास्तरीण. त्यांना सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं, पण घरातला कोणता सण कसा करायचा हे मला त्यांनाच विचारावं लागे आणि मी ते वहीत लिहून ठेवी. त्यांना त्या वहीचं फार हसू यायचं.

आपली कुलदेवी चाकणच्या पलीकडे एका डोंगरावर आहे. आम्ही तिला नुसतं आई म्हणतो. नवरात्रात पाचव्या माळेला दुपारच्या नैवेद्याच्या आधी तिची ओटी भरण्याचा मान आपल्या घराकडे आहे, आणि साठ वर्षं ती ओटी आक्कांनी भरली; विधवेनं ओटी भरू नये म्हणणाऱ्यांना त्यांनी कधी जुमानलं नाही. पूर्वी बैलगाडी जायची. देवीचं लुगडं तेव्हा जुवाला बांधत, कारण माणसांनी तिच्या वस्त्रापुढे बसायचं नाही, वस्त्रानं पुढे चालायचं. बैलगाडी गेली, आजोबांची जीप आली, तेव्हा ते लुगडं घडी घालून, गुंडाळून, जीपच्या पुढच्या बंपरला बांधू लागले. इतक्या वर्षांत त्यात कधी काही बिघडलं नव्हतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या दोन वर्षं आधी आक्का देवळाच्या पायरीवर घसरल्या. हातात ओटीचं ताट होतं. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, चालायला वॉकर आला. दुखणं त्यांनी मुकाट्यानं सोसलं, पण देवीशी मात्र अबोला धरला. त्यांचं म्हणणं साधं होतं, साठ वर्षं मी हिच्याकडं न चुकता गेले आणि हिनं मला स्वतःच्या दारात पाडलं. त्यांनी आपल्या खोलीतला देवीचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी झाडलोट करताना तो सरळ करायची, दुपारी जाऊन बघावं तर फोटो पुन्हा भिंतीकडे. याबद्दल आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही. दोन वर्षं हे चाललं होतं. ओटी या काळात भावकीतल्या कुणाबरोबर तरी पाठवत होतो.

मला खरं सांगायचं तर तेव्हा या सगळ्याचं हसूच यायचं. मी देवपूजा नीट करते, वेळेवर करते, फुलंही मोजून आणते, पण आतून मला कधी काही जाणवलं असं म्हणता येणार नाही. घर नीटनेटकं ठेवावं तसंच देवघरही, एवढंच. म्हणून घटस्थापनेच्या सकाळी आक्का चहा पिताना म्हणाल्या, "औंदा मला न्या. दोन शब्द बोलायचे हायेत तिच्याशी," तेव्हा मी पहिला विचार केला तो वॉकर जीपमध्ये कसा मावेल याचा. डॉक्टरांनी आदल्याच महिन्यात त्यांचं हृदय अशक्त झाल्याचं सांगितलं होतं. पायऱ्यांची मोठी वाट त्यांना शक्य नव्हती. डोंगराच्या मागच्या अंगानं एक कच्चा रस्ता वरपर्यंत जातो, दगडधोंड्यांचा, तिथे फक्त आजोबांच्या जीपसारखी गाडीच चढते. वर गेल्यावर शेवटच्या वीसेक पायऱ्या राहतात, त्या धरून चढवू असं ठरलं.

मी तयारीला लागले. वहीत यादी केली. दोन कॅन पाणी, औषधं, उशी, ओटीचं सामान. आणि इथेच माझ्या हातून चूक झाली, पण ती चूक आहे हे मला तेव्हा कुठून कळणार? आक्का दोन वर्षांनी देवीला भेटणार, तर लुगडं असं बोळा करून बंपरला का बांधायचं, असं मला वाटलं. मी हिरवं लुगडं रुंद घडीत नीट पसरलं, जरीचा काठ दिसेल असं. धूळ बसू नये म्हणून जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि जीपच्या तोंडावरच्या जाळीवर चारी कोपरे ताणून बांधलं. आजोबा बघून म्हणाले, वा, गाडीला शालू नेसवला की. आक्कांनी काठावरून एकदा हात फिरवला.

चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. पुढे नव्या गाड्या लादलेला लांब ट्रेलर, मागे कंटेनर, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसेस. ऑक्टोबरचं ऊन. मी मागच्या सीटवरून पाहिलं तर तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर होता. मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, काटा जुना झालाय, माझ्यासारखा, उगाच वर बघतो. पुढे रस्ता मोकळा झाला, वारा लागला आणि काटा थोडा खाली आला, त्यामुळे आजोबांचंच खरं ठरलं. पण डोंगराचा कच्चा रस्ता सुरू झाला, गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढायला लागली, तसा काटा परत वर सरकू लागला. दुसऱ्या वळणाशी तो लाल पट्ट्यात गेला. तरीही आजोबा म्हणत होते, एवढं वळण घेऊ दे. वळण अर्धं झालं आणि बोनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली. खालून पाण्याचा ओघळ दगडांवरून वाहू लागला. आजोबांनी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

आक्का पुढच्या सीटवर सरळ बसलेल्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "बघितलंस न्हवं, मास्तरीण? तिला मी नको हाय. फिरवा गाडी."

मुलांनो, आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. दोन वर्षं भिंतीकडे वळवलेल्या त्या फोटोमागे एक आशा होती, की कधीतरी आपण जाऊ आणि भांडून मोकळं होऊ. ती आशा त्या एका वाक्यात संपलेली मला ऐकू आली. गाडी खाली नेली असती तर आक्का पुन्हा कधी आल्या नसत्या, आणि उरलेले दिवस त्यांनी देवीनं आपल्याला टाकलं असं समजून काढले असते. घड्याळात सव्वादहा झाले होते. नैवेद्य बाराला. मोबाइलला रेंज नव्हती. माझ्या वहीत या प्रसंगासाठी काही लिहिलेलं नव्हतं.

मी जीपमधून उतरले आणि थोडी पुढे जाऊन उभी राहिले. वरच्या देवळाचा कळस तिथून दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी काही पाठ केलेलं न म्हणता देवीशी बोलले. गाडी चालू कर असं मागितलं नाही. एवढंच म्हणाले, की हिला परत पाठवू नकोस. बाकी कसं करायचं ते मला समजत नाही, तू बघ. हे म्हटल्यावर मला थोडी लाजही वाटली, शाळेत एखाद्या मुलीनं उत्तर येत नसताना हात वर करावा तशी.

परत वळले तर आजोबा बोनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून, रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत होते. त्याच वेळी खालच्या वळणावरून कुणीतरी ओरडलं, "काका, हात लावू नका."

खालून एक बाई झपाझप चढत येत होती. तिशीची असेल. अनवाणी, अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि खांद्यावर नाडीनं एकमेकांना बांधलेले लोखंडी टोकाचे जड बूट. रात्रपाळी संपवून ती थेट दर्शनाला निघाली होती, नवरात्रात पायात काही घालायचं नाही असा तिचा नेम होता आणि बूट कंपनीत सक्तीचे, म्हणून गेटबाहेर पडली की ते खांद्यावर. लातूरकडची, वर्षभरापूर्वी चाकणला आलेली. पायऱ्यांची वाट तिला सापडली नव्हती, चुकून ती या गाडीरस्त्याला लागली होती. नाव सुनीता. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी तिनं आजोबांचा हात बाजूला केला आणि म्हणाली, आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, झाकण काढलं की तोंडावर येतं.

आजोबांना असं कुणी शिकवलेलं आवडत नाही. ते म्हणाले, बाई, चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी.

"मी रेडिएटर बनवते काका," ती म्हणाली. "लीक टेस्टला असते. पाळीभर हेच पाण्यात बुडवते अन् बुडबुडे बघते."

आजोबांनी हात मागे घेतला. तुम्हाला यात फार नवल वाटेल, पण इथे राहणाऱ्याला तेवढं वाटू नये. आपल्या या पट्ट्यात रस्त्यात भेटलेलं माणूस कुठल्या ना कुठल्या गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवतच असतं. कुणी ब्रेक, कुणी काच, कुणी नुसते नटबोल्ट. मी स्वतःला तसंच समजावलं. पण इतक्या हजारो माणसांतून रेडिएटर बनवणारी बाई, वाट चुकून, त्याच वळणावर, त्याच घटकेला आली, यापुढे मला काही म्हणायचं नाही. जसं झालं तसं सांगते आहे.

ती जीपच्या तोंडाशी गेली आणि थबकली. मग वाकून तिनं प्लास्टिकवर बोट टेकवलं, जाळीत खोलवर पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. "काकू, रेडिएटर चांगला हाय. त्याला वाराच मिळंना."

तेव्हा तिनं मला समजावलं ते मी पुढे वहीत लिहिलं, अर्णवनं नीट वाचावं. इंजिनची उष्णता पाणी घेतं, ते पाणी पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतं आणि समोरून जाळीतून येणाऱ्या वाऱ्यानं गार होऊन परत जातं. वारा अडला तर पाणी कितीही असो, ते गार होत नाही. सपाट रस्त्यावर वेगात कडेकडेनं थोडा तरी वारा शिरतो, चढावर गाडी मुंगीच्या पावलानं चालते आणि इंजिन मात्र जिवाचा आटापिटा करत असतं. त्यात पावसाळ्यात आजोबांनी जीप शेतात चिखलातून घातली होती, तो चिखल नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत वाळून बसला होता. आणि उरलेली वाट मी बंद केली होती, जरीचा काठ दिसावा म्हणून.

ती गाठ सोडायला लागली तसा आक्कांचा आवाज आला. लुगड्याला हात लावायचा नाही, ते पुढंच राहणार, तो मान आहे. सुनीता त्यांच्या खिडकीशी गेली. आक्कांनी तिलाही तेच सांगितलं, की मुळात वर जायचंच नाही, देवीनं अडवलं आहे.

"आजी, देवीनं नाही अडवलं," ती म्हणाली. "प्लास्टिकनं अडवलं."

आजोबा खो खो हसले. मी हसू की रडू मला कळेना. मग सुनीता म्हणाली, लुगडं पुढंच पाहिजे ना, तुम्ही पुढच्याच सीटवर आहात, मांडीवर घ्या, म्हणजे पुढंच राहिलं की. आक्का म्हणाल्या, मांडीवर घ्यायला ती काय तान्ही हाय? पण हात पुढे केले होते. प्लास्टिक काढून ते हिरवं लुगडं मी त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते खरोखरच मूल घ्यावं तसं छातीशी घेतलं.

मी विचारलं, आता काय करायचं, पाणी ओतू का, खालून कुणाला बोलावू का, मी चालत वर जाऊन ओटी देऊन येऊ का. तिनं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "काकू, आता अर्धा घंटा काहीच करायचं नाही. हेच काम हाय."

मला आयुष्यात कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं. मी दगडावर बसले. दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे नजर जायची, म्हणून शेवटी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. खाली चाकणच्या शेड्सची निळी-पांढरी छपरं उन्हात चमकत होती. इंजिन गार होताना टिकटिक आवाज करत होतं. आजोबा सुनीताला जीपचं पुराण सांगत होते आणि ती ऐकत ऐकत, मी डॅशबोर्ड झाडायला ठेवलेल्या मऊ ब्रशनं, पत्रे वाकणार नाहीत अशा बेतानं वाळका चिखल काढत होती. आजोबांनी मध्येच एक काडी घालून पाहिली, तर तिनं ती काढून घेतली. आक्का लुगड्याच्या पदरावरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होत्या. मला काही करता येत नव्हतं, आणि हळूहळू लक्षात आलं की त्यानं काही अडतही नव्हतं. माझ्याशिवाय सगळं चाललं होतं. ईरा, मी मानते की नाही ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण त्या दगडावर मी पहिल्यांदा टेकून बसले, एवढं नक्की.

अर्धा तास झाल्यावर तिनं झाकणावर जाड फडकं टाकलं, दाबून थोडंसंच फिरवलं, फुस्स करून उरलेली वाफ जाऊ दिली आणि मग ते काढलं. गाडी सुरू करून, संथ ठेवून, पाणी बेताबेतानं ओतलं. दुसऱ्या कॅनमधलं पाणी इंजिनच्या बाजूनं जाळीकडे मारलं तसा लाल चिखल बाहेर वाहून आला. घरी गेल्यावर साधं पाणी काढून कूलंट भरून घ्या, नाहीतर आत गंज धरेल, असं तिनं आजोबांना दोनदा बजावलं. शेवटी म्हणाली, चढताना आतला हीटर पूर्ण चालू ठेवा, तेवढीच उष्णता इंजिनमधून बाहेर निघते.

आमच्या जीपचा हीटर कधीच कुणी लावलेला नव्हता. लावला तर आधी पाचोळा उडाला, मग धूळ, मग पायांवर अशी गरम हवा येऊ लागली की विचारू नका. सुनीताला आम्ही गाडीत बस म्हटलं, पण तिचा पायी जायचा नेम होता. ती जीपच्या बाजूनं चालत राहिली आणि त्या चढावर तिच्यात आणि आमच्यात फारसा फरक पडत नव्हता. आक्का घामानं निथळत, लुगडं उंच धरून म्हणाल्या, "चुलीच्या तोंडाशी बसल्यागत झालंय, भाऊ. ही तुझी गाडी हाय का भाकरीचा तवा?" दोन वर्षांत त्यांनी थट्टा केलेली मी प्रथमच ऐकली. काटा मधल्या खुणेवर स्थिर होता. आजोबा आता त्याच्यावरून डोळा काढत नव्हते.

बाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही वर पोचलो. पायऱ्यांवर एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सुनीता. ज्या पायरीवर आक्का पडल्या होत्या तिथे त्या थांबल्या, तिच्याकडे बघितलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. गाभाऱ्यात गर्दी होती, पण पाचव्या माळेची ओटी म्हटल्यावर लोकांनी वाट दिली. आक्कांनी लुगडं ठेवलं, खण ठेवला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. दोन वर्षांचं भांडण आता होणार असं मला वाटत होतं. आक्का देवीच्या तोंडाकडे बघत, शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या,

"दोन वरसं तू बी गप आन मी बी गप. कुणाचं भलं झालं गं त्यात?"

एवढंच. मग खाली वाकता येत नाही म्हणून त्यांनी हातानंच तिच्या पायांना स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला. मागे वळल्या तेव्हा सुनीता रांगेत मागे उभी होती. आक्कांनी तिला मनगट धरून पुढे ओढलं आणि पुजाऱ्याला सांगितलं, हिला आधी घ्या, ही आमची गाडी घेऊन आली हाय. प्रसादाचा खण त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं तो डोक्याला लावून बुटांच्या आत ठेवायला घेतला, मग जीभ चावली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

त्यानंतर आक्का तीन नवरात्रं जगल्या. दर वर्षी डोंगरावर गेल्या. सुनीताही पाचव्या माळेला सुट्टी टाकून यायची आणि निघण्याआधी बोनेट उघडून बघायची. आजोबा तिला विचारल्याशिवाय गाडी सुरू करत नसत, आणि तुम्हाला तुमचे आजोबा माहीत आहेत. शेवटच्या आजारात आक्का मला म्हणाल्या होत्या की मला आता कुणाशी भांडण राहिलेलं नाही. माणसाला याहून जास्त काय मिळायचं?

मला काय मिळालं ते सांगते. मी अजूनही याद्या करते, अजूनही सगळं नीट बांधते. पण काही वेळा माझ्याच नीटनेटकेपणानं वारा अडतो, हे मला कळलं आहे. तेव्हा हात मागे घ्यायचा, कडेला बसायचं आणि जे गार व्हायचं ते होऊ द्यायचं. कुणीतरी चालत येतं. त्याला कोण पाठवतं हे मी आता विचारत नाही. वर बघून हात जोडते, आणि ते हात जोडणं आता नुसत्या सवयीचं उरलेलं नाही. ईरा, दुधाचं निमित्त करून टाळलेलं उत्तर ते हेच.

जीप मागच्या दिवाळीत दिली. डोंगरावर आता सिमेंटचा रस्ता होतो आहे. आक्का नाहीत. पाचव्या माळेची ओटी मात्र आपल्या घरून अजून जाते, आणि आता ती मी भरते.

तुमची,
आजी